पैसे आले, गिऱ्हाईक गायब: घरगुती विक्रीत या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटी आम्ही घरातली पिठाची गिरणी विकली. एक एचपीची, कपाटासारखी दिसणारी, जाळ्या बदलून ज्वारी-गहू-बेसन दळणारी. जत तालुक्यातले एक मामा भाच्याला घेऊन सांगलीत गावभागात आमच्या घरी आले, गिरणी चालवून पाहिली, साडेआठ हजारांना सौदा ठरला आणि भाच्यानं जागेवर यूपीआयनं सगळे पैसे टाकले. "रविवारी छोटा हत्ती घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. तो रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. फोन वाजायचा, उचलायचं कुणी नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक.

पैसे बुडवणाऱ्याच्या मागे कसं लागायचं, हे आपल्याकडे कोपऱ्यावरचा पानवालाही सांगेल. पैसे देऊन गप्प झालेल्याचं काय करायचं, हे मात्र कुणाला सांगता येईना. शेजारी म्हणाले, "तुमचं काय जातंय? पैसे तर मिळालेत." जातं, बरंच जातं. त्या अडीच महिन्यांत आम्ही काय काय चुकलो आणि काय थोडक्यात चुकता चुकता राहिलं, ते लिहितो.

घरात आहे म्हणजे आपलीच, असं धरणं

पंधरा दिवसांनी ओळखीतून दुसरं गिऱ्हाईक आलं. दहा हजार द्यायला तयार. मन चळलंच. याला देऊन टाकू, जतवाल्यांना साडेआठ परत करू, दीड हजार सुटले.

इथेच बहुतेक जण फसतात. मालविक्री कायदा 1930 सालचा आहे. ठरावीक एक वस्तू, द्यायला तयार अवस्थेत, बिनशर्त विकायची ठरली की मालकी त्याच क्षणी घेणाऱ्याकडे जाते, असं त्याचं कलम 20 सांगतं. वस्तू नंतर न्यायची ठरली असली तरी फरक पडत नाही. म्हणजे मे महिन्यातच ती गिरणी जतच्या मामांची झाली होती. वस्तू दुसऱ्याला विकून टाकण्याची मुभा कलम 54 मध्ये आहे, पण ती पैसे थकलेल्या विक्रेत्याला. आमचे पैसे पूर्ण आले होते, त्यामुळे ते दार बंद.

उघडं दार कलम 44 चं. गिऱ्हाइकाला "घेऊन जा" असं सांगायचं. वाजवी मुदतीत तो आला नाही, तर त्याच्या उशिरानं झालेलं नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च त्याच्याकडून मागता येतो. वाजवी म्हणजे किती दिवस, ते वस्तूवर ठरतं. लाकडी कपाट महिनाभर भिंतीला टेकून उभं राहील. विकलेली दुभती म्हैस मात्र रोज वैरण मागते आणि धारही काढावीच लागते.

विकलेली वस्तू वापरत राहणं

हे लिहायला लाज वाटते, पण आमच्या आईनं त्या गिरणीवर आणखी तीन आठवडे भाकरीचं पीठ काढलं. "उभीच तर आहे, गंजण्यापेक्षा बरं." मी काही बोललो नाही, कारण भाकरी मीही खात होतो. पण दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहायला असताना परवानगीशिवाय वापरली आणि त्या वापरात मोटर जळली, तर भरपाई आपल्यावर. करार कायद्यात, 1872 पासून, कलम 154 मध्ये हे लिहिलेलं आहे. सौदा झाला त्या दिवशीच प्लग काढा, चादर टाका आणि फोटो काढून ठेवा. फोटोत सोबतच्या चिल्लर वस्तूही घ्या. आम्ही घेतल्या नाहीत, त्याचं पुढे सांगतो.

पाणी चढतं तेव्हा वस्तू कुणाची?

जुलैत पाऊस लागला. सांगलीकर त्या दिवसांत पंचांगाऐवजी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा आमच्या तळमजल्यातलं काही वाचलं नव्हतं. त्यामुळे आकडा पस्तिशीत गेला की आम्ही सामान वर न्यायला सुरुवात करतो. ही शे-सव्वाशे किलोची वाटणारी गिरणी कोण उचलणार?

कायद्यानं मालकी ज्याची, जोखीमही त्याची. शिवाय न्यायला उशीर ज्याच्यामुळे झाला, त्या उशिरामुळे झालेलं नुकसान त्याच्याच माथी, असं मालविक्री कायद्याचं कलम 26 म्हणतं. हे वाचून मी निवांत होणार होतो, तेवढ्यात वकील मित्रानं पुढची ओळ दाखवली. म्हणून तुझी राखणदारी सुटत नाही. आपलीच वस्तू असती तर शहाण्या माणसानं जितकी काळजी घेतली असती, तितकी घ्यावीच लागते. आपला टीव्ही वर नेला आणि त्याची गिरणी खाली भिजू दिली, तर कुठल्या तोंडानं सांगणार? दोन हमाल लावून गिरणी वर चढवली, सहाशे रुपये गेले. पावती नव्हती, म्हणून हमालाला पैसे यूपीआयनं दिले, तेवढाच पुरावा. पाणी अंगणापर्यंतही आलं नाही, ते सोडा.

नुसते फोन करत राहणं

मी चाळीसएक फोन केले असतील. उपयोग शून्य, आणि फोनचा पुरावा म्हणूनही फारसा जोर नसतो. तिसरा फोन वाया गेला की लेखी सांगायचं. आम्ही असा मजकूर धाडला:

"नमस्कार. आपण दि. __ रोजी पिठाची गिरणी रु. 8,500 ला घेतली व पूर्ण रक्कम यूपीआयने दिली (व्यवहार क्र. __). गिरणी आमच्याकडे सुरक्षित आहे. कृपया दि. __ पर्यंत सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत घेऊन जावी. येणे जमत नसेल तर कळवावे. त्यानंतर सांभाळण्याचा वाजवी खर्च आपल्याकडे मागावा लागेल."

साधा एसएमएस, व्हॉट्सॲप आणि पत्ता असेल तर पोस्टानं, पोचपावतीसह. मजकुरात धमकी नको. गावच्या ग्रुपवर फोटो टाकून "या माणसाला ओळखता का" असं तर अजिबात नको. त्यानं आपले पैसे बुडवलेले नाहीत, उलट त्याचेच पैसे आपल्याकडे आहेत.

यातलं काहीच लागू पडलं नाही तेव्हा पुतणीनं युक्ती सांगितली. ज्या यूपीआयवरून पैसे आले, त्यावर एक रुपया पाठवायचा आणि शेऱ्यात निरोप लिहायचा. "गिरणी न्यायला या" असं लिहून रुपया पाठवला. अनोळखी नंबर न उचलणारा माणूसही खात्यात आलेला रुपया बघतोच. त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला, चाकणहून. तिथे तो कंपनीत कामाला. त्याचा समज, मामांनी गिरणी केव्हाच नेली. मामांकडे आमचा नंबरच नव्हता, आणि ते वडिलांना घेऊन महिनाभर मिरजेच्या दवाखान्यात.

पैसे कुणी दिले ते न बघणं

आमची खरी चूक ही होती. घेणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि नंबर घेतला तो फक्त दुसऱ्याचा. घेणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याचा स्वतःचा नंबर कागदावर घ्या. मी आता वहीत दोन ओळी लिहून सही घेतो, लोक हसतात, हसू देत.

यात एक गंभीर बाजूही आहे. सायबर फसवणुकीचे पैसे फिरवायला खरेदी-विक्री हा सोयीचा रस्ता आहे. तशी रक्कम आपल्या खात्यात आली आणि मूळ माणसानं 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर बँक तेवढी रक्कम किंवा अख्खं खातंही गोठवू शकते. म्हणून पैसे टाकून गप्प झालेला अनोळखी माणूस अचानक उगवून "सौदा रद्द, पैसे माझ्या मित्राच्या या नंबरवर टाका" म्हणाला, तर थांबा. पैसे परत करायचे ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. "चुकून जास्त गेले, फरक परत करा" या फोनलाही तोच नियम, आणि आधी खात्यात रक्कम खरंच जमा झाली का ते बघा. नुसता स्क्रीनशॉट धरू नका.

इसार घेऊन अडकणं

दोन हजार इसार, बाकीचे नेताना, आणि मग माणूस गायब. हे जास्त घडतं आणि तुलनेनं सोपं आहे. तारीख देऊन लेखी कळवायचं, "उरलेली रक्कम अमुक दिवसापर्यंत आली नाही तर वस्तू दुसऱ्याला विकू." मुदत टळली की विकता येतं. दुसऱ्यानं कमी दिले तर तूट पहिल्याकडे मागता येते, जास्त दिले तर वरचे आपले. पण न कळवता विकलं तर तूट मागता येत नाही आणि वरचे पैसेही पहिल्याचे होतात. इसार जप्त करायचा तर तो इसार आहे असं आधी लिहिलेलं हवं. इसार जप्त होतो, किमतीचा आगाऊ भाग होत नाही, असा फरक सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या एका जागेच्या दाव्यात केलेला आहे.

गाडी देऊन टाकणं, नावावर नंतर

गिरणीत फार तर हजारभर गेले असते. गाडीत घर जाईल. पूर्ण पैसे मिळाले, एमएच-10 ची गाडी गेली, घेणारा म्हणाला "नावावर करून घेतो" आणि नंबर बंद. पुढचे ई-चलन आपल्या मोबाइलवर. अपघात झाला तर त्याहून वाईट. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी पुढे तीन-चार हात फिरली होती, तरी कागदावरचा माणूस सुटला नाही.

फॉर्म 29, म्हणजे विक्रीची सूचना, हा आपण द्यायचा असतो, हेच अनेकांना ठाऊक नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत, राज्याबाहेर झाली तर 45 दिवसांत आपण आरटीओला कळवायचं. घेणाऱ्याचा फॉर्म 30, त्याला 30 दिवस. कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचं गिऱ्हाईक मिरजेला रोज येतं, त्यांना गाडी दिली तर आधी एनओसी, फॉर्म 28. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हातात देणं ही आपली सवय, ती मोडा. माणूस गायब झालाच असेल तर आरटीओत विक्रीची लेखी सूचना देऊन पोच घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि व्यवहाराच्या कागदासह जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याचीही पोच घ्या.

नागपंचमी होऊन आठवडा झाला आणि मामा छोटा हत्ती घेऊन आले. हमालीचे सहाशे मी मागितले नाहीत, त्यांनीच काढून दिले, मी तीनशे ठेवले. कागदावर सही झाली. मग त्यांनी गिरणीचं दार उघडलं आणि विचारलं, "जाळ्या सहा दाखवल्या होत्या ना?"

पाचच होत्या. सहावी स्वयंपाकघरात निघाली, शेंगदाण्याची टरफलं पाखडायला घेतलेली.