डोंग्यावरचं जीपीएस आणि खोली दाखवणारं यंत्र: चूक कशी पकडायची

गोसीखुर्दच्या जलाशयात जाळं टाकणाऱ्या पोरांनी आता फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) घेतलेत. चांगलंच आहे, पण आकडा दिसला की तो खराच मानतात. पाण्याखाली जुनी झाडं उभी आहेत भाऊ, तपासल्याशिवाय निघू नका.

आधी खोली. दोरीला ओळंबा बांधा, मीटरच्या खुणा करा आणि सपाट तळाच्या जागी सोडा. यंत्र कमी खोली दाखवत असेल तर सेन्सर पाण्यात किती खाली आहे ते मोजा. यंत्र खोली तिथून मोजतं, पृष्ठभागापासून नाही. ३० सेंटिमीटर खाली असेल तर ऑफसेटमध्ये (आकड्यात भर घालायच्या सेटिंगमध्ये) ०.३ मीटर मिळवा. यंत्र जास्त खोली दाखवत असेल तर पाण्याची सेटिंग बघा. खाऱ्या पाण्यात आवाज जास्त वेगानं जातो, त्यामुळे समुद्राची सेटिंग राहिली की आपल्या गोड्या पाण्यात खोली दोन-तीन टक्के वाढून दिसते.

खरा घोळ जीपीएसच्या आकड्यांत होतो. एकानं जाळ्याची जागा (अक्षांश, अंश-मिनिटं-सेकंदांत) सांगितली २०° ५८' ३०", दुसऱ्यानं (अंश आणि दशांश मिनिटांत) भरली २०° ५८.३०'. सारखंच दिसतं ना? पण ३० सेकंद म्हणजे अर्धा मिनिट, ०.५. फरक ०.२ मिनिटाचा, म्हणजे पाण्यावर सुमारे ३७० मीटर! अंधारात जाळं सापडेल कसं? सगळ्या डोंग्यांवर एकच पद्धत ठेवा, आणि डेटम (आकडे ज्या नकाशा-पायावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४.

थांबलेल्या डोंग्यावर जीपीएसची दिशा भरवशाची नसते. थोडं चालवा, मग बघा. होकायंत्राजवळ मोबाइल, स्पीकर, लोखंडी घमेलं ठेवू नका.