गायकाची मदत आणि गावचा क्लब: मागायची कशी, वापरायची कशी

गावचा फुटबॉल क्लब बहुधा हरल्यामुळे बंद पडत नाही. तो बंद पडतो बाहेरच्या सामन्यांच्या गाडीभाड्यामुळे, प्रशिक्षकाच्या थकलेल्या मानधनामुळे आणि एप्रिल-मेमध्ये मैदानावर मारायच्या पाण्यामुळे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातल्या क्लबांना खनिज वाहणाऱ्या ट्रकमालकांकडून मिळणारी वर्गणी आटली. ती जागा भरून काढायला आज कुणाच्या तरी मोठ्या नावाचा आधार शोधला जातो. गायक किंवा संगीतकार हा त्यातला चांगला पर्याय आहे, कारण त्याला स्वतःचा श्रोता असतो आणि गावाशी नाते असेल तर तो मनापासून येतो. मात्र मदत मागण्याआधी तिचा आकार ठरवलेला हवा.

इंग्लंडमधल्या गायकांची तीन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत. एल्टन जॉन १९७६ मध्ये लहानपणापासूनच्या आवडत्या वॉटफर्ड क्लबचे अध्यक्ष झाले, तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ग्रॅहम टेलर यांना प्रशिक्षक नेमले आणि संघ त्यांच्या हाती सोपवला. १९८२ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला, १९८३ मध्ये लीगमध्ये दुसरा आला आणि १९८४ मध्ये एफए कपची अंतिम फेरी खेळला. एड शीरन यांनी २०२१ पासून इप्सविच टाउन क्लबच्या जर्सीवरची जाहिरातीची जागा विकत घेतली आणि तिच्यावर आपल्या संगीत दौऱ्याची चिन्हे छापली. २०२४ मध्ये त्यांनी क्लबचा १.४ टक्के हिस्साही घेतला, पण संचालक मंडळात जागा घेतली नाही. तिसरे उदाहरण रॉबी विल्यम्स यांचे. त्यांनी २००६ मध्ये पोर्ट व्हेल क्लबचे शेअर घेतले आणि तरीही २०१२ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. कलाकाराचे प्रेम खरे असले तरी क्लबचे हिशेब ढिले असतील तर ते प्रेम क्लबला तारत नाही. आपल्याला पहिल्या दोघांकडून शिकायचे आहे: कलाकाराने एक ठरावीक गोष्ट द्यावी आणि संघनिवडीत कुणीही हात घालू नये.

आधी कागद

क्लबची नोंदणी नसेल तर कलाकाराच्या व्यवस्थापकाकडे जाऊच नका. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली सात सदस्य लागतात. नंतर क्लबच्या नावाचे पॅन आणि दोन सह्यांचे बँक खाते. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही घेऊ नका. मैदान कोमुनिदादचे (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे), पंचायतीचे की देवस्थानचे आहे ते लेखी काढा, कारण मैदानावर पैसा खर्च करून पुढच्या वर्षी जागेचा वाद उभा राहिला, तर देणाऱ्यासमोर उभे राहायला तोंड उरत नाही.

मग एका मोसमाचा हिशेब एका पानावर मांडा. खाली नमुना आहे. दर फक्त मांडणी कळावी म्हणून घेतले आहेत, प्रत्येक ओळीला तीन कोटेशने जोडा.

जर्सी-शॉर्ट्सचे ५० संच (दोन रंग, प्रत्येकी २५), प्रत्येकी ४५० रुपये: २२,५००
पाच नंबरचे १२ बॉल, प्रत्येकी १,२००: १४,४००
बाहेरचे दहा सामने, गाडी प्रत्येकी ४,०००: ४०,०००
प्रशिक्षक आठ महिने, महिना ८,०००: ६४,०००
गोलजाळी, बिब (सरावाची रंगीत बंडी), कोन, प्रथमोपचार: ९,१००
एकूण: १,५०,०००

एवढा आकडा समोर ठेवला की कलाकार स्वतःच एखादी ओळ उचलतो. ‘क्लबला मदत करा’ एवढेच म्हटले तर त्याला ना हो म्हणता येते, ना नाही, आणि पत्र व्यवस्थापकाच्या टेबलावर पडून राहते.

कुणाकडे जायचे

सर्वांत प्रसिद्ध माणसाकडे नव्हे, नात्यातल्या माणसाकडे. गोव्याबाहेर मुंबई-पुण्यात गाजलेल्या कितीतरी गायकांचे कुलदैवत इथे आहे: मंगेशी, शांतादुर्गा, रामनाथी, म्हार्दोळची म्हाळसा. कुणाचे आजोळ पेडण्यात असते, कुणाचा गुरू फोंड्यात. तियात्रातला (कोंकणी संगीतनाट्यातला), कोंकणी बँडमधला किंवा गावच्या नाटकात वाढलेला गायक चालतो. ज्याचे लोक तुमच्या गावात आहेत तो दोन लाखांत जेवढे मन घालेल, तेवढे परका माणूस दहा लाखांतही घालणार नाही. देवळात पूजेला आलेल्या कलाकाराला तिथेच गाठू नका. देवस्थानच्या महाजनांपैकी ओळखीच्या माणसाला आधी शब्द टाकायला सांगा, मग व्यवस्थापकाला पत्र पाठवा.

पत्र एका पानाचे. पहिल्या चार ओळींत क्लबचे नाव, गाव, किती वयोगटांत किती मुले-मुली खेळतात आणि कलाकाराचे गावाशी नाते. मग एकच मागणी आणि बदल्यात काय मिळेल. शेवटी हिशेबाचे पान. सोबत साठ ते नव्वद सेकंदांचा उभा व्हिडिओ: सरावाचे मैदान, मुले, जुनी जर्सी. त्यात संगीत टाकू नका. त्या कलाकाराचेच गाणे विनापरवाना वापरले की पहिलीच भेट बिघडते. वेळेचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कलाकारांचा धावपळीचा काळ, त्यात लग्ने आणि पार्ट्या. मे-जूनमध्ये पत्र पाठवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास काही ठरवू नका. खेळाडू घरी असतात आणि कलाकार आरतीला.

देणगी की जाहिरात

इथे बहुतेक क्लब चुकतात. कलाकाराचे नाव केवळ कृतज्ञता म्हणून फलकावर लिहिले आणि त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर ती देणगी. जर्सीवर त्याच्या नव्या अल्बमचे किंवा दौऱ्याचे नाव छापले, तर ती जाहिरात, म्हणजे प्रायोजकत्व, आणि तिथे जीएसटीचा प्रश्न येतो. कुठला कागद करायचा हे पैसे येण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही. क्लबला ८०जी मान्यता (देणगीवर करसवलत देणारी आयकर विभागाची मान्यता) असेल तर जुनी करपद्धती निवडलेल्या देणाऱ्याला करसवलत मिळते, पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती मिळत नाही. म्हणून पैसा बँकेतूनच घ्यावा.

गोव्यासाठी वेगळी सूचना. आपले बरेच कलाकार पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन बाहेर आहेत. परदेशी नागरिकत्व असलेल्या माणसाची देणगी, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड असले तरी, विदेशी अंशदान ठरते आणि एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र विदेशी अंशदानात मोजत नाहीत. एफसीआरए नोंदणीला साधारणपणे तीन वर्षे जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, म्हणजे छोट्या क्लबाला ती परवडत नाही. म्हणून पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. तो विचारायला लाजू नका. परदेशी नागरिक असलेल्या कलाकाराकडून पैशाऐवजी वेळ मागा: मुलांसोबत एक सराव, एक जाहीर निवेदन, कार्यक्रमाचे एक सत्र.

करारात पाच गोष्टी लिहा: रक्कम आणि तारीख, नाव-चित्र कुठे आणि किती काळ वापरायचे, कलाकार किती वेळा येणार, संघनिवड व प्रशिक्षक क्लबच ठरवणार, आणि नाते संपल्यावर उरलेल्या जर्सींचे काय करायचे. नाव वापरायची परवानगी लेखीच हवी. तोंडी होकारावर फ्लेक्स छापला आणि व्यवस्थापक नाराज झाला, असे सर्रास घडते.

जर्सी

सब्लिमेशनची छपाई घ्या. ती फक्त पॉलिस्टरवर, तीही पांढऱ्या कापडावर उतरते. कॉटनवर धरत नाही, गडद कापडावर दिसत नाही. रंग कापडातच शिरतो, म्हणून घाम आणि धुलाईने सालपट निघत नाही. छातीवर मोठ्या आकाराचा गरम दाबून चिकटवलेला छाप मात्र घेऊ नका: हवा अडते आणि काही धुलाईत तडे जातात. लोगो व्हेक्टर फाइलमध्ये (मोठा केला तरी रेषा स्पष्ट राहतात अशा) मागा. वॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवरून छापलेला लोगो धूसर येतो. पाठीवरचा नंबर २५ सेंटीमीटर उंच घ्या आणि तो कापडाच्या रंगाशी विरोधी असू द्या. आधी एक नमुना शिवून घ्या, पाच वेळा धुवा, मगच ५० संचांची ऑर्डर द्या. प्रत्येक २५ पैकी तीन गोलकीपरच्या वेगळ्या रंगात.

स्पर्धेच्या आयोजकांकडून जाहिरातीच्या आकाराचा नियम ऑर्डर देण्यापूर्वी मागून घ्या. कलाकाराच्या दुसऱ्या प्रायोजकाचे नाव आपल्या जर्सीवर नको, विशेषतः दारू, बेटिंग किंवा कॅसिनोचे. मुले ती जर्सी घालून शाळेत जातात.

मदतनिधीचा कार्यक्रम

मैदानावर कार्यक्रम घ्यावासा वाटतो, पण ते मैदानाच्या जिवावर येते. पावसाने भिजलेल्या लाल मातीवर स्टेज आणि जनरेटरचा ट्रक गेला की चाकांचे खोल चरे पडतात आणि ते पुढच्या मोसमापर्यंत नीट होत नाहीत. स्टेज गोलपोस्टच्या मागे, रेषेबाहेर लावा. ट्रकसाठी फळ्या टाका. प्रेक्षक गवतावर असतील तर डिसेंबरनंतरचे कोरडे दिवस निवडा. संपल्यावर दोरीला चुंबक बांधून तो मैदानभर ओढत फिरवा, कारण पडलेला एक खिळा मुलाच्या गुडघ्यात जातो. पावसाळ्यात कार्यक्रम घ्यायचाच असेल तर बंद सभागृह बरे: फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, साखळी किंवा मडगावचे रवींद्र भवन, पणजीची कला अकादमी. तिथे ध्वनियंत्रणा आणि खुर्च्या तयार मिळतात, खर्च कळतो.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतात. शेवटचे गाणे साडेनऊला ठेवा, म्हणजे आभाराची भाषणे लांबली तरी दहाच्या आत यंत्रणा उतरते. परवाने किमान महिनाभर आधी मागा: जागामालकाचे ना हरकत पत्र, पंचायत, पोलीस, ध्वनिक्षेपक. कलाकार दुसऱ्याची गाणी म्हणणार असेल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा) परवाना, आणि मध्यंतरात रेकॉर्ड वाजवणार असाल तर त्यासाठी वेगळा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवले तर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी माफ आहे, म्हणून मदतनिधीच्या कार्यक्रमात ३०० आणि ५०० असे दोनच दर पुरेसे होतात. तिकिटांना क्रमांक हवा आणि प्रत्येक पुस्तकाची सही घेऊन नोंद. कार्यक्रम घेऊन क्लबला काही उरत नाही याचे नेहमीचे कारण मोफत पास. पासांची संख्या आधी ठरवा आणि ती कागदावर ठेवा, मग सरपंच येवोत की आमदार.

पैसा कुठे घालायचा

गावागावांच्या स्पर्धेसाठी बाहेरचे खेळाडू भाड्याने आणायला हा पैसा वापरू नका. कप मिळतो, पुढच्या वर्षी तेच खेळाडू दुसऱ्या गावाकडून खेळतात, आणि मुले काठावरून बघतात. कलाकाराचे नाव एका कपाला चिकटवण्यापेक्षा मैदानाला चिकटवणे केव्हाही चांगले.

मैदानाचा हिशेब असा. १०५ बाय ६८ मीटरचे मैदान ७,१४० चौरस मीटर. कोरड्या दिवसांत त्यावर ५ मिलिमीटर पाणी मारायचे तर ३५,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण साडेतीन टँकर. त्यामुळे आठवड्यातून दोनदा टँकर आणण्यापेक्षा विहीर किंवा बोअर आणि स्प्रिंकलर दोन मोसमांत परवडू शकतो, त्याचे कोटेशन आधी काढा. गवतावर ५ मिलिमीटर वाळूचा थर द्यायचा तर ३५.७ घनमीटर, म्हणजे साधारण साडेबारा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). वाळू कायदेशीर पावतीची घ्या, कारण कलाकाराच्या पैशाने बेकायदा रेती आली तर बातमी त्याच्याच नावाने छापली जाते. मातीचा उंचसखलपणा पावसाआधी काढा. मैदानाला मध्यापासून दोन्ही बाजूंना हलका उतार ठेवा आणि कडेची गटारे जूनपूर्वी मोकळी करा. मैदानावर पाणी साचले की आठवडाभराचा सराव बुडतो आणि गवताची मुळे कुजतात.

खेळाडूंची नोंदणी, वयाचे दाखले आणि शुल्क गोवा फुटबॉल असोसिएशनच्या मुदतीत भरा. जर्सी तयार आणि नोंदणी राहिली, असे झाले तर वर्षभराचा खर्च वाया जातो. प्रशिक्षकाचे मानधन महिन्याच्या पाच तारखेला द्या. मोसमात मध्येच प्रशिक्षक सोडून गेला की मुले पांगतात, आणि ती परत गोळा करायला दोन मोसम लागतात.

मोसम संपला की मेच्या आधी कलाकाराला दोन पानी हिशेब पाठवा: पावत्यांची यादी, मैदानाचा आधीचा आणि नंतरचा फोटो, किती मुले नियमित आली, काय उरले. उरलेली रक्कम जशीच्या तशी लिहा, मग ती ३४० रुपये असो. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पहिल्यापेक्षा कमी मागा आणि कमी पडणारी रक्कम गावातल्या दुकानदारांकडून घ्या, त्यांना मैदानाच्या कडेला ८ बाय ३ फुटांचे फलक देऊन. त्या फलकांचे पैसे जूनआधी जमा झाले, तर टँकरचा खर्च कलाकारावर टाकावा लागणार नाही.