शाळेत मोफत पॅड ठेवायचे तर: डबा, हिशेब आणि कचरा

मुलींसाठी पाळीच्या मोफत सॅनिटरी पॅडची योजना पैशापेक्षा कुलपामुळे जास्त वेळा बंद पडते. पॅड कार्यालयातल्या कपाटात, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. आठवीतली पोर दारात उभं राहून सरांना काय सांगणार? पोट दुखतंय म्हणते आणि घरी जाते. म्हणून शाळा असो, वसतिगृह असो की ग्रामपंचायतीचं वाचनालय, मांडणी अशी करा की कुणाला मागावंच लागू नये.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आत, पाणी उडणार नाही अशा उंचीवर, जमिनीपासून साधारण 4 फुटांवर फळी ठोका. त्यावर घट्ट झाकणाचा, बिनकुलपाचा प्लास्टिकचा डबा ठेवा, 25 ते 30 पॅड मावतील एवढा. बाजूला खिळ्याला रद्दी पेपरचे कापलेले तुकडे आणि खाली झाकणाची बादली. बस्स. नाण्याच्या मशीनच्या नादी लागू नका. त्यात स्प्रिंग अडकते, नाणं गिळलं जातं आणि दुरुस्तीवाला शहरातून येईपर्यंत दोन पाळ्या उलटून जातात. उद्घाटनाच्या फोटोत मात्र मशीनच चांगलं दिसतं, त्याला इलाज नाही.

किती लागतील? पाळी येणाऱ्या 100 मुली धरा. पॅड 4 ते 6 तासांनी बदलायचं, म्हणजे शाळेच्या वेळेत दिवसाला 2. पाळीतले शाळेचे 4 दिवस धरले तर मुलीमागे 8, महिन्याला 800. तीन महिन्यांचे 2400 आणि वर 20 टक्के जादा, म्हणजे 2880 पॅड, 8 च्या पाकिटांची 360 पाकिटं. घरचीही गरज भागवायची असेल तर मुलीमागे महिन्याला 20 धरा. जनऔषधी केंद्रातलं 'सुविधा' पॅड 1 रुपयाला आहे, त्या भावाने तिमाहीचा खर्च 2880 रुपये. बाजारात 4 रुपयांचं घेतलं तर 11,520. पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्येच काढून टाकला आहे. कोटेशनमध्ये तो लावलेला दिसला तर कागद परत पाठवा.

पैशासाठी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के वाटा आहे. विषय आधी महिला ग्रामसभेत घ्या, मग मुख्य ग्रामसभेत. ठरावात नुसतं 'पॅड वाटप' लिहू नका. दर महिन्याला किती, डबा कोण भरणार, कचरा कोण उचलणार, हे तिन्ही लिहा.

मोठी ऑर्डर देण्याआधी नमुन्याची दोन-तीन पॅड मागवा. औषधाच्या बाटलीच्या मापी टोपणाने 30 मिली पाणी दोनेक मिनिटांत हळूहळू पॅडच्या मधोमध ओता. खाली पेपर ठेवा आणि वरून जाड पुस्तकाने मिनिटभर दाबा. पेपर ओला झाला किंवा कडेने पाणी आलं तर तो माल नको. लांबीही बघा. तासभर एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीला 240 मिमीचं पॅड पुरत नाही. निम्मा माल 280 मिमीचा घ्या. आणि सोबत वेगवेगळ्या मापाच्या डझनभर निकर. ही गोष्ट हमखास विसरली जाते. निकर नसेल तर पॅड चिकटवायचं कशाला?

आता नोंदवही. ऑडिटच्या धाकाने शाळा मुलींची नावं आणि सह्या घेतात, आणि त्या दिवसापासून डब्याकडे कुणी फिरकत नाही. ऑडिटला साठ्याचा हिशेब लागतो, मुलीच्या पाळीची तारीख नाही. म्हणून नोंद पाकिटाची करा: तारीख, कपाटातून डब्यात किती गेली, शिल्लक किती, बाईंची सही. संपलं.

पहिल्या पंधरवड्यात डबा दुपारपर्यंत रिकामा होईल. चोरी झाली म्हणून ओरडू नका. मुली आईसाठी, बहिणीसाठी नेतात, शिवाय उद्या मिळेल याचा त्यांना भरवसा नसतो. पहिल्या महिन्याला दुप्पट माल धरा आणि आठवड्यातून एकदा नाही, रोज सकाळी प्रार्थनेआधी भरा. रोज भरलेला दिसला की साठवण आपोआप कमी होते. ही जबाबदारी एका बाईंची आणि त्या रजेवर असतील तर कुणाची, हेही लिहून ठेवा.

साठा पत्र्याखाली ठेवाल तर मे महिन्यात डिंक पातळ होतो आणि पॅड कागदालाच चिकटून राहतं. खोके जमिनीवर ठेवाल तर उंदीर कापूस कुरतडून त्यात पिलं घालतात. लोखंडी कपाट, भिंतीपासून हातभर लांब, एवढं पुरे.

पाण्याचं मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. नळ आठ-दहा दिवसांनी येतो तिथे कापडी पॅड आणि पाळीचे कप (धुऊन पुन्हा वापरायचे) यांचा आग्रह धरू नका. कापड धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन लागतं, कप उकळावा लागतो. पण फेकायचं पॅडही पाण्याविना बदललं जात नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला 200 लिटरचं वेगळं पिंप द्या आणि टँकर आला की ते आधी भरा.

वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून बादलीत, बादली रोज रिकामी. संडासाच्या भांड्यात टाकलं की आतला जेल पाणी पिऊन फुगतो आणि पाइप तुंबतो. घंटागाडीत देताना पुडक्यावर लाल ठिपका करा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला ते उघडावं लागणार नाही. बादली उचलणाऱ्या मावशींना हातमोजे द्याच. भिंतीवरची छोटी जाळण्याची भट्टी घेताना जपून: पॅडमध्ये प्लास्टिक असतं, ते 800 अंशांच्या खाली जाळलं तर विषारी धूर होतो. शिवाय लाइट गेली की अर्धवट जळालेला गोळा आतच राहतो आणि पुढचं कुणी टाकतच नाही.

सुट्ट्यांचं गणित आधीच मांडा. दिवाळीला मुलीमागे 3 पाकिटं, उन्हाळ्याला 5, म्हणजे दोन पाळ्या भागतात. बीड, धाराशिवकडच्या गावांत दसऱ्यानंतर काही मुली आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. फडावर ना दुकान, ना आडोसा. पाच महिन्यांना 100 पॅड लागतात. कोयता (ऊसतोडीची टोळी) निघायच्या आधीच्या आठवड्यात त्या प्रत्येकीच्या दप्तरात 13 पाकिटं घाला.