हृदयाची आतली रचना: नावं पाठ करू नका, रक्ताच्या मागे मागे जा

हृदयाची आकृती काढायची म्हटलं की बहुतेक जण आधी बाहेरचा आकार काढतात, आत उभी आडवी रेघ मारतात आणि मग नावं आठवत बसतात. परीक्षेपुरतं जमतं, पण आठवड्याभरात सगळं डोक्यातून जातं. भाचीला शिकवताना मी उलटं केलं, नावं बाजूला ठेवली आणि रक्त कुठून येतं कुठे जातं एवढंच धरून गेले, तर प्रत्येक भिंत आणि झडप तिथे का आहे ते तिचं तिलाच कळत गेलं. तसंच इथे सांगते. एक कागद, एक निळा पेन, एक लाल पेन आणि पेन्सिल एवढं घ्या.

आधी डावं उजवं पक्कं करा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. चित्रात हृदयाची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे असते, कारण माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरून ते काढलेलं असतं. शंका आली की कागद स्वतःच्या छातीवर धरा, चित्राचं तोंड बाहेर, की चित्रातलं उजवं तुमच्या उजव्या हाताकडे येतं.

आता पेन्सिलने मधोमध जाड उभी भिंत काढा. ही नीट बंद असते, डावी उजवी बाजू एकमेकांत मिसळत नाही. फक्त बाळ पोटात असताना वरच्या भागात एक फट असते, कारण तेव्हा फुप्फुसं कामाला लागलेली नसतात आणि बरंचसं रक्त तिथूनच परस्पर पलीकडे जातं. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की डावीकडचा दाब वाढतो, झाकणासारखा पडदा त्या फटीवर बसतो आणि पुढे बहुतेकांमध्ये तिथे नुसता खळगा उरतो. मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना वर एक खाली एक कप्पा काढा, वरचे अलिंद आणि खालचे निलय. काही पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका लिहितात, तेच ते.

निळा पेन घ्या, हे शरीरभर फिरून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त. वरून एक आणि खालून एक अशा दोन महाशिरा उजव्या अलिंदात आणा, तिथून त्रिदल झडपेतून उजव्या निलयात, तिथून फुप्फुस धमनीने फुप्फुसांकडे. आता लाल, म्हणजे ऑक्सिजन घेतलेलं रक्त, फुप्फुसांकडून चार शिरा डाव्या अलिंदात, द्विदल झडपेतून डाव्या निलयात आणि तिथून महाधमनीने सगळ्या शरीरात. फुप्फुस धमनी निळी कशी हा प्रश्न पडेलच, तर धमनी म्हणजे हृदयातून बाहेर नेणारी आणि शिरा म्हणजे हृदयाकडे आणणारी, रक्त कसं आहे त्याचा नावाशी संबंध नाही. आणि निळं फक्त कागदावर हं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्तही लालच असतं, जरा काळपट.

पुढे भिंती जाड करा, आणि इथे घाई करू नका. अलिंदांना रक्त फक्त खालच्या कप्प्यात सोडायचं असतं म्हणून त्यांची भिंत पातळ. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पाठवायचं, तिथे साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत पाठवायचं, म्हणून दाब १२० च्या आसपास आणि भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड. रक्त मात्र दोघेही सारखंच ढकलतात, आरामात बसलेल्या मोठ्या माणसात एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटरच्या आसपास.

झडपा म्हणजे नुसत्या दोन तिरक्या रेघा काढून सोडू नका. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपेच्या पातळ पाकळ्यांच्या कडांना पांढरे चिवट दोरे असतात, ते खाली निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या छोट्या खुंटांना बांधलेले. वाऱ्यात छत्री उलटी होते ना, तसं निलय आवळल्यावर पाकळ्या उलट्या होऊन अलिंदात जायला बघतात, पण त्याच वेळी खुंटही आवळतात, दोरे ताणलेले राहतात आणि पाकळ्या एकमेकींना घट्ट टेकून थांबतात. दोरे झडप उघडत नाहीत, ती रक्ताच्या दाबानेच उघडते, दोरे फक्त तिला उलटू देत नाहीत. एखादा दोरा तुटला तर रक्त मागे गळायला लागतं. धमन्यांच्या तोंडाशी मात्र दोरे नसतात, तिथे अर्धचंद्रासारखे तीन तीन खिसे असतात, रक्त मागे फिरलं की खिसे भरतात आणि वाट बंद होते.

घरच्या कुणाच्या छातीला कान लावून ऐका, लब म्हणजे दोरेवाल्या झडपा बंद झाल्या, डब म्हणजे खिसेवाल्या.

आता उजव्या अलिंदात, वरची महाशिरा शिरते तिथे पेन्सिलने एक ठिपका द्या. ठोक्याचा विजेचा इशारा इथून निघतो, किथ आणि फ्लॅक या संशोधकांनी ही जागा १९०७ मध्ये दाखवली. दुसरा ठिपका त्याच अलिंदात खाली, मधल्या भिंतीजवळ. तिथे इशारा साधारण ०.१ सेकंद रेंगाळतो, तेवढ्यात अलिंद रिकामे होतात आणि मग निलय आवळतात. दोघं एकदम आवळले असते तर निलय नीट भरलेच नसते.

राहिलं एकच. हृदय आतून रक्ताने भरलेलं असलं तरी त्याच्या जाड भिंतीला ते थेट मिळत नाही. महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या अगदी वर, दोन बारीक लाल फांद्या काढा आणि हृदयाच्या बाहेरून गुंडाळत न्या, याच त्या कोरोनरी, ज्यात अडथळा आला की हार्ट अटॅक येतो. आणि डाव्या निलयाच्या भिंतीला यातून जास्त रक्त मिळतं ते हृदय सैल पडल्यावर, कारण आवळलेलं असताना भिंतीतल्या नळ्याच दाबल्या जातात.