दही फ्रीजरमध्ये टाकताय? आधी पाणी काढा, मग बांगडा

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की दुपारी दोनला पोरांचं आईस्क्रीम आईस्क्रीम सुरू होतं. दुकान घाटी चढून वर, रस्त्याला. तिथून आणलेलं खळ्यात पोचेपर्यंत त्याचं सरबत होतं. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी मी घरचं दही गोठवायला घेतलं. पहिल्या खेपेला निघाला तो पांढरा दगड. त्याला सुरी लागेना आणि वास येत होता सुरमईचा.

दगड झाला तो पाण्यामुळे. 100 ग्रॅम दह्यात 80 ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. दही तसंच डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवलं की त्या पाण्याचे खडे होतात आणि दह्याची घट्ट वीण फाडतात. वितळल्यावर तळाला पाणी आणि वर रवाळ चोथा. ते दही बिघडलेलं नसतं, पण पानात वाढायच्या लायकीचं राहत नाही. बेसन लावून कढी करा, नाहीतर थालिपिठाचं पीठ भिजवा.

तेव्हा आधी चक्का करायचा. मात्र आपल्याकडच्या उकाड्यात पुरचुंडी रात्रभर खुंटीला टांगू नका; सकाळी आंबट ढाण चक्का आणि मुंग्यांची रांग मिळते. चाळणीवर धुवट पंचा, त्यात दही, खाली पातेलं, वर झाकण, आणि हे सगळं फ्रिजमध्ये आठ-दहा तास. दही निम्म्याहून कमी उरतं, जीव हळहळतो, पण त्याला इलाज नाही. खालचं पाणी कणकेत घाला.

दही मुळातच आंबट असेल तर फ्रीजर ते सुधारत नाही. गोठल्यावर विरजणातले जिवाणू मरत नाहीत, बहुतेक नुसते झोपतात. पण तोवर झालेला आंबटपणा तसाच राहतो. मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागतं. रात्री विरजून सकाळपर्यंत बाहेर ठेवायची सवय या दिवसांत सोडा. सकाळी विरजा, लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

साखरेला हात आखडणारे पुष्कळ. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून मिश्रण चाखताना थोडं जास्तच गोड वाटलं पाहिजे. शिवाय साखर विरघळली की पाणी गोठायला जास्त थंडी लागते आणि गोळा मऊ राहतो. आम्रखंड फ्रीजरमध्ये ठेवलं तरी चमचा रुततो तो त्यामुळेच. माझं माप असं: दोन वाट्या चक्का, एक वाटी दाट हापूसचा रस, सात-आठ चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ.

रसातही पाणी असतं, हे विसरायला होतं. रायवळचा पातळ रस इथे नको, तो वाटीने प्यावा. सगळ्यांत छान लागतो तो आटवलेला रस; त्यातलं पाणी चुलीवरच गेलेलं असतं, आणि त्यात साखर असली तर वरची कमी करा. कोकमाचं करायचं तर अमृत कोकम घ्या. आगळ घालू नका, त्यात मीठ असतं. एकदा शेजारच्या वहिनींनी घातलं आणि पोरांनी ते मांजरालाही दिलं नाही. अननस कच्चा घातलात तर दही कडवट होतं, कारण त्यातला पाचक रस दुधातली प्रथिनं तोडतो. फोडी साखरेत पाच मिनिटं उकळून गार करून घाला. काप्या फणसाचे गरे मात्र गोठले की दाताला लाकूड.

मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात घाला, दर पाऊण तासाने काट्याने कडेचा बर्फ मोडून ढवळा, असं तीन-चार वेळा. कुल्फीच्या साच्यात ढवळता येत नाही, म्हणून चक्का आणखी घट्ट हवा. एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा पुरेसा थंड होत नसेल तर आदल्या रात्रीच बटण वाढवून ठेवा. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा.

आता बांगडा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून मेअखेरीस किनाऱ्यावरच्या घरांचे फ्रीजर सुरमई-बांगड्यांनी गच्च भरतात. दुधातली चरबी वास चटकन ओढते. मासळी दोन पिशव्यांत बांधून खालच्या बाजूला ठेवा, दही घट्ट झाकणाच्या डब्यात, मिश्रणाला टेकेल असा प्लास्टिकचा कागद लावून. नुसत्या ताटलीने झाकलं तर वास येतोच, वर दमट हवेचं दवही जमतं.

आणि वळवाच्या वादळात तारा तुटल्या की फ्रीजर उघडून बघत बसू नका. वीज आल्यावर डब्यात बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवा. चव उतरते, पण चालतं. पार वितळून कोमट झालं असेल तर टाकून द्या.

एकच दही मी न गाळता गोठवते: विरजणाचं. ताज्या, गोड दह्याचे चमचा-चमचा बर्फाच्या ट्रेमध्ये घालते, गोठले की डबीत काढते. घर महिनाभर बंद ठेवून परत आलं तरी एक खडा कोमट दुधात टाकला की दही लागतं. नेहमीपेक्षा दोन-तीन तास उशिरा, एवढंच.