ओला-सुका वेगळा केला, तरी वास का येतो? सोसायटीवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कचऱ्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या वर्षी वार्षिक सभेला, म्हणजे एजीएमला, मी उशिरा पोचलो. आता शेजारच्या सोसायट्याही सल्ला विचारायला येतात. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच.

पहिली म्हणजे गाठ मारलेली पिशवी. ओला कचरा नीट वेगळा काढायचा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा, वर दोन गाठी मारायच्या आणि हिरव्या डब्यात टाकायचा. ही पिशवी पुढे कोणीतरी हाताने फाडतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या सफाई कामगाराचा अंगठा अशाच एका पिशवीतल्या फुटक्या कपाने कापला होता. मी बादलीत कालचा पेपर घालतो. पिशवी वापरायचीच असेल तर डब्यात उपडी करा आणि रिकामी पिशवी सुक्याच्या निळ्या डब्यात टाका. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्या.

दुधाच्या पिशव्या विसळून सुकवा. शहाळी खताच्या खड्ड्यात नकोत, वर्षभर तशीच राहतात. डायपर आणि पॅड सुक्यात टाकू नका. त्यासाठी मुंबई पालिकेने 2025 च्या मे महिन्यात वेगळी सेवा सुरू केली आहे. सोसायटीने नोंदणी तेवढी करायची.

आता माझं दुखणं: खताचा खड्डा. 20 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त ओला कचरा होणाऱ्या सोसायट्यांनी तो आवारातच जिरवावा, असं पालिकेने ठरवलं आणि 2 ऑक्टोबर 2017 ची मुदत दिली. नोटिसा निघाल्यावर सगळीकडे घाईघाईने खड्डे बांधले गेले. आम्हीही विटांचे दोन बांधले. उद्घाटनाला नारळ फोडला आणि तोही आत गेला!

आमच्या हौशी मंडळींनी त्यात रोज नुसता ओला कचरा ओतला. सुका पाला मात्र माळी झाडून गोणीत भरायचा आणि फाटकाबाहेर ठेवायचा. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, ‘खिडकी उघडता येत नाहीये हो.’ झाकण उचललं तर वर पांढऱ्या अळ्यांचा थर हलत होता आणि खाली काळं पाणी. माळी चार पावलं मागे गेला. कमिटीतल्या एकाने यावर उपाय काय करावा? खताचं कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची पूड, तिप्पट टाकलं! नुसत्या ओल्या ढिगात हवाच नसेल तर कल्चर काय करणार? हवेशिवाय सडणाऱ्या ढिगातून मिथेन निघतो. देवनारसारख्या डम्पिंगला आग लागली की ती आतल्या आत धुमसत राहते, ती त्याच्याचमुळे.

शेवटी तो राडा मी आणि माळ्याने दोन रविवार उपसला. तेव्हापासून पाल्याची गोणी खड्ड्याशेजारीच असते. एक बादली ओलं, त्यावर तेवढाच पाला, दर चार दिवसांनी खालीवर. ओलावा मी मुठीत दाबून बघतो. पाणी गळलं तर आणखी पाला. याला पुस्तकी प्रमाण असेलही, माझं मुठीवर भागतं.

‘काका, चोवीस तासांत खत देणारं मशीन घेऊ का?’ असं विचारणाऱ्यांना मी आधी चहा देतो. त्यातून मिळते ती वाळवलेली पूड. कुंडीत घालून पाणी टाकलं की ती पुन्हा कुजायला लागते. खताला दीड-दोन महिने लागतात, लागू द्या.

मसुद्याला नियम समजणं ही आणखी एक चूक. 2025 च्या एप्रिलमध्ये पालिकेच्या कचऱ्याबाबतच्या नव्या उपविधींच्या (स्थानिक नियमांच्या) मसुद्यात घरांना क्षेत्रफळानुसार महिना 100 ते 1000 रुपये कचरा शुल्क सुचवलं होतं. लगेच सोसायटीच्या ऑफिसात भांडणं, ‘मेंटेनन्समध्ये कापू नका’! पालिकेने हरकती मागवल्या होत्या. लेखी हरकत किती जणांनी दिली? आमच्या विंगमधून मी आणि तळमजल्यावरचे आजोबा.

आणि गाडी आली नाही तर फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून काय होणार? पालिकेच्या 1916 ला फोन करा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. वॉर्ड ऑफिसात मी तीच वही घेऊन जातो.