मानसिक आजाराचं निदान : घरच्यांनी डॉक्टरांना सांगताना या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति चढलेलं मन असा आजार, आहे हे कळायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्यातली चार वर्षं तो डॉक्टरांकडे जात होता, गोळ्याही घेत होता. फाईलवर 'डिप्रेशन' लिहिलेलं होतं. डॉक्टरच चुकले असं मी बराच काळ म्हणत असे. आता म्हणत नाही. आम्ही जेवढं सांगितलं, तेवढ्यावरून वेगळं निदान होण्यासारखं नव्हतंच.

आम्ही सांगितलं की तो उदास असतो, दुकान उघडत नाही, जेवत नाही, दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही. सगळं खरं होतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीबद्दल मात्र आम्ही चकार शब्द काढला नाही. तेव्हा दहा-बारा दिवस तो रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपायचा आणि तरी सकाळी ताजातवाना असायचा. मोटर वाइंडिंगचं एका गाळ्यातलं दुकान, पण त्या दिवसांत त्याने तीन मशिनींची ऑर्डर दिली, पतसंस्थेचं कर्ज काढलं, रात्री दोन वाजता मित्रांना उठवून परदेशात माल पाठवायच्या गोष्टी केल्या. बोलणं इतकं भरभर, की मध्ये कुणाला तोंड उघडता यायचं नाही. आई म्हणायची, पोराला आत्ता कुठे उमेद आलीय. आमच्या लेखी ते त्याचे चांगले दिवस होते, आणि चांगल्या दिवसांची तक्रार घेऊन दवाखान्यात कोण जातं?

साखर रक्तात दिसते, हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये दिसतं. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) यांचं तसं नाही. डॉक्टर रक्त तपासायला किंवा मेंदूचा स्कॅन काढायला सांगतात ते बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. निदान ठरतं ते माणूस स्वतः काय सांगतो, तपासताना काय दिसतं आणि घरचे काय सांगतात यावरून. त्यातही सगळा हिशेब काळाचा असतो. नैराश्य म्हणायला लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार मॅनिया म्हणजे उन्माद साधारण एक आठवडा टिकलेला हवा, त्याचं सौम्य रूप असलेला हायपोमॅनिया सलग चार दिवस, तर सततच्या चिंतेचा विकार म्हणायला सहा महिने. कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, याआधी असं कधी झालं होतं, मधल्या काळात माणूस पूर्वीसारखा होता का, ही माहिती फक्त घरात असते. म्हणून घरच्यांच्या सांगण्यातली चूक सरळ निदानात उतरते.

फक्त वाईट दिवस सांगणं

बायपोलरचा माणूस बहुधा उदासीच्या काळात दवाखान्यात येतो. चढत्या काळात त्याला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही. उदासीचं चित्र नैराश्य आणि बायपोलर या दोन्ही आजारांत जवळजवळ सारखं दिसतं. आणि इथेच धोका आहे, कारण बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या, तर काही जण थेट उन्मादात जातात. माझ्या भावाचं तेच झालं. गोळीचा डोस वाढवल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याची झोप उडाली, आणि आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं!

उदासीसाठी कुणाला नेत असाल, तर जाण्याआधी घरात बसून एवढं आठवा : कमी झोपूनही न थकण्याचे सलग दिवस कधी आले होते का? अचानक खर्च, कर्ज, उधळपट्टी? नेहमीपेक्षा फार बोलणं, फार चिडणं, मोठेपणाच्या गोष्टी? माणूस स्वभावानेच बोलका असेल तर ते वेगळं. त्याच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा ते किती वेगळं होतं, हे सांगायचं.

घराण्यातलं झाकून ठेवणं

'घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?' असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आमच्या अण्णांनी क्षणाचाही विलंब न लावता 'नाही' म्हटलं. मी शेजारीच बसले होते. आमच्या एका चुलत आजोबांना घरच्यांनी कित्येक वर्षं मागच्या खोलीत ठेवलं होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या चुलत बहिणीला तेव्हा स्थळं येत होती, आणि आपल्याकडे अशी गोष्ट दवाखान्याच्या चार भिंतींतसुद्धा बोलायची नसते. मीही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं.

बायपोलर आणि स्किझोफ्रेनियामध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. याचा अर्थ आजार वारसाहक्काने येतोच असा नाही. आई किंवा वडिलांना बायपोलर असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. पण उदासीचा रुग्ण समोर असताना 'घराण्यात उन्माद होता' एवढं वाक्य डॉक्टरांना वेगळा विचार करायला लावतं. त्या नातेवाइकाला कुठलं औषध मानवलं होतं, हेही उपयोगी पडतं. घरातली आत्महत्या, व्यसन, 'साधू होऊन निघून गेलेला' काका, सगळं सांगा. चारचौघांत जमत नसेल, तर डॉक्टरांकडे पाच मिनिटं वेगळी मागा.

शरीर विसरणं, किंवा सगळं शरीरातच शोधणं

थायरॉइड कमी असेल तर माणूस मंद, सुस्त, उदास होतो. जास्त असेल तर धडधड, घाम, बेचैनी होते आणि ते चिंतेसारखं दिसतं. बी-१२ कमी पडल्याने थकवा येतो, स्मरण बिघडतं. शाकाहारी घरांत हे नेहमी सापडतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कुणाला उन्माद होतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी देतात त्या सायक्लोसेरिनने भास, भ्रम होऊ शकतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा, आयुर्वेदिक आणि 'ताकदीच्या' पुड्यांसकट.

वयस्कर माणसांबाबत यापेक्षाही जास्त जपायला हवं. काल संध्याकाळपर्यंत नीट असलेली ऐंशीची आजी आज मुलाला ओळखत नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, सकाळी बरी असते आणि दिवेलागणीला पुन्हा बिघडते. घरचे म्हणतात, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला. पण वेड असं एका रात्रीत येत नाही, आणि स्मृतिभ्रंशही नाही. एका-दोन दिवसांत उद्भवलेल्या आणि चढउतार होणाऱ्या अशा गोंधळाला डेलिरियम म्हणतात. त्याच्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेलं औषध असं काहीतरी असतं. महिन्याभरापूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल, तर आत साचलेलं रक्तसुद्धा असू शकतं. अशा वेळी मनोविकाराच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दुसरा असाच प्रसंग ऑर्थोपेडिक वॉर्डात नेहमी घडतो. पाय मोडला म्हणून भरती झालेला पन्नाशीचा माणूस दोन दिवस शांत असतो. तिसऱ्या रात्री थरथर कापतो, अंगावर किडे चढताहेत म्हणून झटकत बसतो, सलाईन ओढून काढतो. बायको हमसून रडते की यांना बाहेरचं झालं. हा रोज दारू पिणारा माणूस असतो, ती अचानक बंद झालेली असते आणि भरती करताना 'दारू घेतात का' या प्रश्नावर घरच्यांनी लाजेपोटी नकारार्थी मान हलवलेली असते. दारू सुटल्यानंतर दोन-चार दिवसांत येणारा हा झटका जीवघेणा ठरू शकतो. किती पितात आणि शेवटची कधी घेतली, हे भरतीच्या वेळीच स्पष्ट सांगा.

याच्या उलटही होतं. छातीत धडधड, श्वास कोंडणं, आता मरतो की काय अशी भीती. काही मिनिटांत कळस आणि थोड्या वेळाने सगळं शांत. पहिल्यांदा हृदय तपासायलाच हवं. पण ईसीजी आणि बाकी तपासण्या चार वेळा नॉर्मल आल्यावर पाचव्या हार्टच्या डॉक्टरांकडे जाण्याऐवजी पॅनिक अटॅकचा विचार करा. अंगात आग, मुंग्या, डोकं जड, 'वीकनेस' म्हणून दर महिन्याला सलाईन लावून घेणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. त्यांना कुणी कधी विचारलेलंच नसतं, की बाई, तुला झोप कशी लागते, आणि रडू कधी येतं?

मोबाइलवरच्या चाचणीला निदान समजणं

पीएचक्यू-९ ही प्रश्नावली चांगली आहे, दवाखान्यांतही वापरतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा, एवढंच ती सांगते. त्या नऊ प्रश्नांत उन्मादाबद्दल एकही प्रश्न नाही. माझ्या भावाचे १९ गुण आले होते, आणि ते खरेच होते. फक्त अर्धी गोष्ट होती.

'बाहेरचं' म्हणून महिने घालवणं

श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही. जागरणाला किंवा देवळात कुणाच्या अंगात येतं, थोड्या वेळाने ती बाई पुन्हा भाकऱ्या थापायला लागते, सगळ्या गावाला त्याचा अर्थ माहीत असतो. तो आजार नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी एखाद्याचं पटत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पण एकटं असताना आवाज ऐकू येणं, शेजारी जेवणात विष घालतात अशी खात्री वाटून उपाशी राहणं, अंघोळ-काम-बोलणं सुटणं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर नारळ-लिंबू उतरवायचं असेल तर उतरवा, डॉक्टरांकडे मात्र त्याच आठवड्यात जा. बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी हे तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

बाळंतिणीबाबत एक दिवसही थांबू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप पूर्ण उडणं, असंबद्ध बोलणं, बाळाबद्दल भलतेसलते विचार ही तातडीची अवस्था आहे. तिला स्वतःला किंवा माहेरी कुणाला बायपोलर असेल, तर धोका बराच वाढतो. ही माहिती गरोदरपणातच डॉक्टरांना द्या.

आणि 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला कुणीही, कुठल्याही वयाच्या मोठ्या माणसाने दिला, तरी ऐकू नका.

निदान बदललं म्हणून डॉक्टर बदलणं

पहिल्या झटक्यात भास-भ्रम दिसले, तर ते गांजामुळे आहे, उन्मादाचा भाग आहे की स्किझोफ्रेनियाची सुरुवात, हे त्या दिवशी कुणालाच नक्की सांगता येत नाही. काही महिने पाहिल्यावर चित्र स्पष्ट होतं. डॉक्टर वर्षभराने फाईलवर वेगळं नाव लिहितात, तेव्हा बहुतेकदा त्यांना नवीन काहीतरी दिसलेलं असतं. आम्ही मात्र चार वर्षांत तीन डॉक्टर बदलले आणि प्रत्येक ठिकाणी पाटी कोरी करून गेलो. जुने कागद मुद्दाम घरी ठेवले, का तर 'नव्यांनी स्वतः ओळखावं'. दुसरं मत जरूर घ्या, पण जुनी फाईल बरोबर नेऊन.

फरक पडत नाही, तेव्हा काय तपासाल?

आधी दिवस मोजा. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी निराश होऊ नका. मग पट्टीतल्या गोळ्या मोजा, कारण खाल्ल्या असं सांगणं आणि खाणं यांत फरक असतो. दारू चालू आहे का ते पाहा. भाजीत कालवून गुपचूप गोळी देत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आमच्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, गटात जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हे केलेलं आहे आणि त्याने रुग्णाचा आपल्यावरचा विश्वास कसा तुटतो, तेही सगळ्यांनी अनुभवलंय.

बायपोलरसाठी देतात ते लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी आणि थायरॉइड वेळच्या वेळी तपासून घ्या. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, किंवा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खाल्लं, की ही पातळी धोकादायक वाढू शकते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर लगेच दाखवा. एवढं सगळं नीट असूनही फरक नसेल, तर मग निदानच पुन्हा तपासा असं डॉक्टरांना मोकळेपणाने म्हणा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. कितीतरी जणांना दोघांचीही गरज असते. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर लावायचा; चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

मरणाबद्दल विचारायला घाबरणं

'विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते यायचं', असं आईला वाटायचं. तसं होत नाही. विचार असेल तर तो आधीपासून असतो, आणि सरळ विचारल्यावर माणसाला हायसंच वाटतं. 'जीव नकोसा होतो का रे? स्वतःला काही करावंसं वाटतं का?' अशाच शब्दांत विचारा. हो म्हणाला, तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आमच्याकडे आता एक दोनशे पानी वही आहे. रोज एक ओळ : किती तास झोप, गोळी घेतली का, खर्च काही वेगळा झाला का, दिवस कसा गेला. भाऊ स्वतःच लिहितो, रविवारी मी वाचते. गेल्या गणपतीत सलग तीन रात्री झोपेच्या रकान्यात चार, साडेतीन, तीन असे आकडे आले. चौथ्या दिवशी सकाळी त्यानेच मला वही दाखवली आणि म्हणाला, ताई, डॉक्टरांना फोन लाव.